उजव्या कानाचा वाटेकरी

२ मार्च

घर एकदम पसंत. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि रस्त्याकडे एवढीशी गॅलरी. तिच्यात खुर्ची मावते, पण खुर्चीत बसणाऱ्याचे गुडघे मावत नाहीत. खाली लॉन्ड्री आहे. सकाळपासून इस्त्रीची वाफ वर येते आणि सगळ्या घराला धुतलेल्या चादरींचा वास लागतो. आई म्हणाल्या, बरंच झालं, आपण धुणं कसंही धुतलं तरी वासावरून कुणाला कळायचं नाही. आई म्हणजे माझ्या सासूबाई. आल्यापासून त्यांनी नळाला, खिडकीच्या कडीला, शेजारणीच्या कुत्र्याला आणि सामानाच्या टेम्पोवाल्याला नावं ठेवून झाली आहेत. त्यावरून मी ओळखलं की त्यांनाही घर आवडलंय.

गाव नवं, नोकरी नवी, घरात आम्ही दोघीच. माझा नवरा जाऊन वर्ष होत आलं. साधं तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत माणूस नाहीसा झाला. तेव्हापासून नातेवाइकांना एकच कोडं पडलंय, की या दोघी अजून एकत्र का राहतात. निघताना मावशींनी आईंना बाजूला घेऊन विचारलंच, की सुनेच्या मागे परगावी कशाला फरफटत जातेस. आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "मुलगा गेला, म्हणून आता सूनही टाकून देऊ?" मी बॅगेची चेन लावायच्या निमित्ताने खाली वाकले आणि बराच वेळ चेनच लावत राहिले.

आता एकच व्हायला हवं. आम्हा दोघींना झोप यायला हवी. वर्षभर आम्ही एकमेकींना झोपल्याचं सोंग करून दाखवतोय, आणि दोघींनाही ते नीट जमत नाही.

५ मार्च

काम तेच, जागा फक्त बदलली. कानाच्या दवाखान्यात मी ऐकण्याची चाचणी घेते. भिंतींना जाड फोम लावलेली एक लहानशी खोली, तिला काचेची खिडकी. आत पेशंट हेडफोन लावून बसतो, बाहेर मी यंत्रावर. मी एकेका कानात बारीक आवाज सोडायचा, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. काही माणसं आवाज नसतानाही दाबतात. त्यांना फसवायचं नसतं, पण ऐकू यावं ही इच्छाच फार असते. मी त्यांना 'आशेवरचे' म्हणते. त्यांच्यासाठी मी मधेच काही न सोडता नुसती थांबून राहते, मग खरं काय ते कळतं.

तोसुद्धा असाच काचेपलीकडे येऊन बसला होता. लहानपणीच्या दुखण्याने दोन्ही कान मंद, ऐकण्याचं मशीन लावायचा. मी काही सोडलं नसतानाही दर खेपेला बटण दाबायचा आणि माझ्याकडे बघून हसायचा. चाचणी पुन्हा घ्यावी लागली. मग आणखी एकदा. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं.

इथे रिसेप्शनवर एक बाई आहे, तिला सगळे रेडिओताई म्हणतात आणि ती त्या नावाला आनंदाने ओ देते. माझे डोळे बघूनच तिने झोपेची चौकशी केली आणि बायनॉरल बीट्सचं पुराण लावलं. डाव्या कानात एक सूर, उजव्या कानात त्याहून जरासा वेगळा. दोन्ही एकदम ऐकले की डोक्यात तिसराच एक सूर हेलकावे खात घुमायला लागतो. तो कुठल्याच कानात नसतो, दोन्ही कानांमधून मेंदू तो तयार करतो. हे मी शिकताना वाचलं होतं, करून कधी पाहिलं नव्हतं. रेडिओताईची पथ्यं अशी: रोज ठरल्या वेळी, आडवं पडून, डोळे मिटून, आवाज अगदी हळू, आणि गुण आला का म्हणून सारखं तपासत बसायचं नाही. तिच्या दिराची अर्धशिशी याने गेली म्हणे. शेवटी बोट नाचवून म्हणाली, "आणि दोन्ही कानांत घालायचं बरं का. एकात घातलंस तर काडीचा उपयोग नाही."

७ मार्च

झोपले! दवाखाना दुपारी बंद असतो, तेव्हा घरी येऊन जेवले, पलंगावर आडवी झाले, फोनवर ते सूर लावले आणि थोड्याच वेळात घुमणं सुरू झालं. संथ, गोल, डोक्याच्या बरोबर मधोमध. पुढचं काही आठवत नाही. आईंनी हलवून उठवलं तेव्हा कामाला उशीर झाला होता, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कितीतरी दिवसांनी तुझं घोरणं ऐकलं, म्हणाल्या.

इअरफोन काढताना चूक लक्षात आली. हा वायरवाला इअरफोन त्याचा. बसमध्ये, गच्चीवर, दवाखान्याच्या बाकावर, आम्ही कायम तो एकच वाटून घ्यायचो, डावा माझा, उजवा त्याचा. त्यासाठी तो कानातलं मशीन काढायचा, मग आवाज इतका वाढवावा लागायचा की बसमधली माणसं वळून बघायची. आजही हाताने तेच केलं. डावा माझ्या कानात घातला आणि उजवा शेजारच्या उशीवर ठेवला. उशी त्याची आहे. टाकवली नाही, इथेही घेऊन आले.

म्हणजे मी सगळा वेळ एकाच कानाने ऐकत होते. एका कानाने तिसरा सूर तयार होत नाही. व्हायला मार्गच नाही.

१० मार्च

मी तीन दिवस डोकं खाजवतेय. उशीवरच्या इअरफोनचा आवाज झिरपत असेल म्हणून तो स्टुलावर ठेवून पाहिला. घुमणं बंद, डाव्या कानात नुसता सपाट सूर. भांड्यात ठेवला, बंद. कपाटात ठेवला, बंद. उशीवर ठेवला की सुरू.

आज दवाखाना उघडायच्या आधी रेडिओताईला यंत्रावर बसवलं, चाचणीचं मशीन तपासायचंय असं सांगून. मी फोमच्या खोलीत बसले, डावा कान माझा, उजव्या बाजूचा हेडफोन शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर. आवाज इतका हळू ठेवला की खुर्चीवरचा माझ्यापर्यंत पोचणं शक्य नाही. रेडिओताईला सांगितलं, उजवा तुझ्या मनाला येईल तेव्हा चालू कर, येईल तेव्हा बंद कर, मला सांगू नकोस. घुमलं की मी बटण दाबत होते. एकही चुकलं नाही. तिने मुद्दाम बराच वेळ बंद ठेवला, तेव्हा मी दाबलं नाही. मी आशेवरची नाही.

दोन कान लागतात. एक माझा आहे. जिथे माणूस बसतो किंवा झोपतो, तिथे दुसरा इअरफोन ठेवला की दुसरा कान येतो.

मी फोमच्या खोलीत बसून इतकी रडले की रेडिओताई धावत आत आली. तिला वाटलं मशीन बिघडलं म्हणून रडतेय. मी तिला कसं सांगू की मला किती आनंद झालाय.

१४ मार्च

आईंना सांगितलं. त्या हसतील किंवा मला डॉक्टरकडे नेतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातलं भाजीचं ताट बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि विचारलं, कुठे झोपायचं. मी त्यांच्या डाव्या कानात इअरफोन घातला, उजवा उशीवर ठेवला. त्यांनी डोळे मिटले. मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी ओघळून कानापाशी जमलं. मी ते टिपत राहिले.

आता आमच्या पाळ्या लागल्या आहेत. दुपारची माझी, सकाळची त्यांची, आणि मी कामावर गेले की त्या माझ्या पाळीतही हात मारतात हे मला ठाऊक आहे. गुण मात्र नजर लागावी असा. आई दोन वेळा जेवतात, वर आज आमटी पातळ झाली म्हणून मला बोलल्या. वर्षभरात त्या मला स्वयंपाकावरून बोलल्या नव्हत्या. मी आमटीच्या भांड्यापाशी उभी राहून गुपचूप हसले.

१९ मार्च

रेडिओताई विचारते, चेहरा कसा उजळला, कुठला ट्रॅक लावतेस. मी म्हटलं, तू सांगितलेलीच पथ्यं पाळते. एक सोडून.

डॉक्टरांनी आज दोनदा हाक मारली म्हणे, मी वळलेच नाही. नव्या बाई आत्ताच साहेबांसारख्या वागायला लागल्या, अशी त्यांनी चेष्टा केली. ते माझ्या उजव्या बाजूला उभे होते.

आई उशीशी बोलतात. घरातल्या साध्या गोष्टी, दूध नासलं, लॉन्ड्रीवाल्याने चादरी बदलून दिल्या. बोलून झालं की थांबतात आणि मान हलवतात. ऐकून मला गलबलून येतं. थोडा हेवाही वाटतो, खोटं कशाला लिहू. माझ्याशी तो असा बोलत नाही. मला नुसतं घुमणं.

२३ मार्च

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते.

दुपारी पडल्यापडल्या मनात आलं की आवाज किती हळू ठेवलाय मी. त्याला मशीनशिवाय एवढं हळू ऐकायचं म्हणजे कान किती ताणावे लागत असतील. बसमध्ये कसा सारखा बोटाने खूण करायचा, वाढव, वाढव. माझी मलाच लाज वाटली, इतके दिवस मी स्वतःच्या सोयीने ऐकतेय. उजव्या बाजूचा आवाज वाढवायला फोन हातात घेतला.

आणि हात थांबला. त्याचे कान मी स्वतः तपासले आहेत. कुठल्या सुराला त्याला किती मोठा आवाज लागतो ते मला माझ्या नावासारखं पाठ आहे. एवढ्या हळू आवाजात त्याला काही ऐकू येणं शक्य नव्हतं. जिवंतपणी तरी नव्हतं.

मेल्यावर कान बरे होत असतील, असं मी स्वतःला सांगितलं. तरी उठले, दवाखान्यात गेले आणि यंत्र लावलं. खुर्चीवरचा आवाज एकेक पायरी कमी करत गेले. त्याला ऐकू येईल त्याच्या खाली. मला ऐकू येईल त्याच्या खाली. तान्ह्या बाळाला ऐकू येईल त्याच्याही खाली. घुमणं तसंच. शेवटी उजवी बाजू पूर्ण बंद केली.

ते घुमतच राहिलं. उलट वाढलं.

तो नाहीये. तो कधीच नव्हता. रिकामी जागा दिली आणि कोणीतरी येऊन बसलं. इतके दिवस मी त्या कुणाच्या तरी कुशीवर हात ठेवून झोपतेय. आशेवरची मीच.

२४ मार्च

रेडिओताईकडून माझे कान तपासून घेतले. डावा ठीक. उजवा जवळजवळ गेलाय. ती म्हणाली मशीनच बिघडलंय, त्या दिवशी रडलीस ते खरं होतं. मी तिला तिच्या स्वतःच्या कानांवर यंत्र लावून दाखवलं. मशीन उत्तम आहे.

आईंनाही घेऊन आले. त्यांचा उजवा पूर्ण गेला. डावाही उतरायला लागलाय. त्या जास्त वेळ ऐकतात.

ज्याला इतकं बारीक ऐकू येतं, त्याला ते कान कुठून मिळाले हे आता मला कळलं.

२५ मार्च

आईंना सगळं सांगितलं. त्यांच्या डाव्या बाजूला बसून, मोठ्याने, एकेक शब्द. सांगताना माझाच आवाज फुटत होता, कारण त्यांचा मुलगा त्यांच्याकडून मी दुसऱ्यांदा काढून घेत होते. त्या शेंगा सोलत होत्या. सोलायच्या थांबल्या नाहीत.

"मला पहिल्याच दिवशी कळलं," म्हणाल्या. "माझ्या पोराला मी ओळखणार नाही होय?"

मग का, असं मी विचारलं.

"अगं, ठेवलेल्या जागेवर कुणीतरी येतं. मला तेवढं पुरतं."

मी कात्री आणून वायर कापली. त्यांनी शेंगा संपवल्या, टरफलं उचलली, हात धुतले. सबंध संध्याकाळ त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

२७ मार्च

कामावरून आले तर आई पलंगावर. कानात नवा इअरफोन. लॉन्ड्रीवाल्याकडून मागवला. उजवा उशीवर, त्याभोवती चादर नीट खोचलेली, झोपलेल्या माणसाभोवती खोचतात तशी.

डॉक्टर घरी येऊन बघून गेले. वय, धक्का, शिरा कमजोर. गोळ्या दिल्या. मलाही रजा घ्यायला सांगितलं.

आई जेवत नाहीत. भूक नाही असं म्हणतही नाहीत, त्यांना मी विचारलेलं ऐकूच येत नाही. उशीकडे तोंड करून मान हलवतात. मधेच हसतात. माझ्याकडे बघून त्या अशा कधी हसल्या नाहीत. लागलं मला ते.

खरं सांगायचं तर — मलाही जाऊन पडावंसं वाटतं. पलंगाची ती बाजू रिकामी नाही, हे आठवलं की आधी भीती वाटते. नंतर भीती वाटत नाही. ते जास्त वाईट.

२८ मार्च

हाका मारल्या. डाव्या कानाशी ओरडले. काही नाही. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून डोळ्यांपुढे धरलं — आई, मी आहे, माझ्याकडे बघा. त्यांनी कागद हळूच बाजूला केला. पलीकडचं दिसत नव्हतं म्हणून.

इअरफोन ओढून काढला. मान हलतेच आहे.

फोन पाहिला. चार्जिंग संपून तो कधीचाच बंद पडलाय.

उशी खिडकीतून टाकायला उचलली. जड होती. म्हणजे — उचललीच गेली नाही —

आई, नका ना जाऊ. तो गेला तेव्हा तुम्ही होतात. तुम्ही रोज कशाला ना कशाला नावं ठेवलीत म्हणून मी उठून उभी राहत होते. मला दुसरं कुणी नाही.

२९ मार्च

भर दुपार आहे. ऊन पलंगावर आलंय. आईंच्या ओठांना पाणी लावलं. गिळलं नाही.

एक सुचलंय. ते रिकाम्या जागी येतं. मग जागा रिकामी ठेवायचीच नाही. त्या उशीवर मीच झोपायचं. उजवा माझ्या कानात, डावा आईंच्या. मधे कुणी नाही. दोघींचे दोन कान, बस —

झोपले. फोन चार्जिंगला लावून सूर चालू केलेत. उशी गार आहे. वही पोटावर धरून लिहितेय, हात हलला की आईंना लागतो. लागू दे. मी इथे आहे हे कळू दे त्यांना.

काही घुमत नाही. शांत आहे. गेलं बहुतेक —

आईंनी कूस बदलली. माझ्याकडे. डोळे उघडले. बघतायत, खरंच माझ्याकडे बघतायत. गालावर हात ठेवला माझ्या. किती हलका झालाय हात —

विचारतायत. "आलास?"

मला त्याच्यासारखं बोलता येतं. हो म्हणेन. त्यांच्यासाठी एकदा म्हणेन, मग पाणी पितील, मग जेवतील, मग —

कुणीतरी हो म्हणालं. माझ्या आधी. उजव्या कानात, ज्या कानाला आता काहीच — आईंनीही ऐकलं, हसल्या — आवाज माझाच, पण मी तर अजून तोंड